एका क्रियापदाचा गृहपाठ

३ ऑक्टोबर

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टाकून दिलंस तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. फोडलं असशील तर एवढं पान वाच, मग टाक.

मी सध्या इंग्रजी शिकतोय. हस, हरकत नाही. सुतार तर रोजच हसतो. नाटकगृहात दोरांच्या जागी आता मोटारी बसणार आहेत. बटण दाबलं की पडदा वर, दुसरं दाबलं की खाली. त्या यंत्रांबरोबर एक जाडजूड पुस्तक आलंय, सगळं इंग्रजीत. त्यातले धोक्याचे शब्द माळ्यावर, दोरांपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाला यायला हवेत, अशी अट आहे. म्हणून सकाळी नऊ ते दहा आम्ही सात जण तालमीच्या खोलीत बाकांवर बसतो. चौघांना चष्मा, त्यातले दोघे एकच चष्मा वापरतात. शिकवायला एक बाई येतात, वयानं आपल्या पोरीएवढ्याच. मला काका म्हणतात आणि माझ्या चुका पेन्सिलीनं खुणावतात. इतरांना लाल शाई. सुतार मागून म्हणतो, "शिक, थोरल्या, शिक. साहेब झालास की आम्हाला ओळख दाखव."

परवा बाईंनी फळ्यावर एकच क्रियापद लिहिलं. ड्रॉप. आपण पडद्याला ड्रॉप म्हणतो तोच शब्द, पण त्याचे अर्थ किती निघावेत? पत्र पेटीत टाकणं म्हणजे ड्रॉप. कुणाला वाटेत उतरवणं म्हणजे ड्रॉप. आवाज खाली येणं, उकाडा कमी होणं, नाव यादीतून गाळणं, शिक्षण अर्धवट सोडणं, जाता जाता कुणाच्या घरी डोकावणं, नको असलेला विषय सोडून देणं, सगळं तेच. बाईंनी चौदा अर्थ लिहून दिले आणि प्रत्येकाचं एक वाक्य करून आणायला सांगितलं. वर म्हणाल्या, "पुस्तकातलं उतरवू नका. तुमच्या आयुष्यातलं हवं."

मी हात वर केला. विचारलं, "बाई, वस्तू आपली आपण पडली तरी हाच शब्द, आणि कुणी हातातली सोडली तरी हाच. मग कुणी सोडली की आपोआप पडली, ते कळायचं कसं?"

त्या म्हणाल्या, "काका, वाक्यात माणूस आहे का ते बघायचं."

घरी येऊन पहिलं वाक्य लिहिलं. "लोखंडी नळी खाली पडली." वाक्यात माणूस नव्हता. तेवढं एकच वाक्य लिहिलं आणि वही मिटली.

आता खरं कारण. तुझ्या शहरातल्या नाटकगृहातून तुझ्याबद्दल एक कागद आलाय. तू तिथं माळ्याच्या मुख्य माणसाच्या जागेसाठी अर्ज केला आहेस. सोबत तुझ्या अर्जाची नक्कल आहे. आधीचं काम का सुटलं, या रकान्यात तू लिहिलं आहेस, "माझी चिंधी असलेल्या खुंटीवरचा दोर सुटला. एक बाई जखमी झाल्या. मला काढलं." बस, इतकंच. खाली त्यांनी दोन प्रश्न विचारलेत. दोर सुटला तो यांच्या हातून, हे खरं का? आणि यांच्या हाती दोर द्यावेत का? वीस तारखेच्या आत उत्तर हवंय, इथल्या मुख्य दोरवाल्याच्या सहीनं.

मुख्य दोरवाला मी आहे. ते तुला ठाऊक असेलच.

थोरला


६ ऑक्टोबर

धाकट्या,

कागद माझ्या कपाटात आहे. मी रोज तो बाहेर काढतो आणि परत ठेवतो.

त्या दिवसाबद्दल मी अकरा वर्षांत कुणाशी बोललो नाही. पोरीच्या आईशीही नाही, देवाशीही नाही. सकाळी देवापुढं बसतो, नाव घेतो, उठतो. काही मागायला तोंड नाही. आज मात्र आहे तसं लिहायचं ठरवलंय.

तुझं नि माझं काम कसं चालायचं ते इथल्या नव्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. रंगमंचाच्या अंगाला, दोन मजले उंच, तो अरुंद माळा. कठड्यावर खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीला एक दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला वर टांगलेली लोखंडी नळी, नळीला रंगवलेला पडदा. ज्यानं दोर बांधला त्यानं खुंटीवर आपल्या रंगाची चिंधी लावायची. माझी लाल, तुझी निळी. ज्याची चिंधी, गाठ त्याची, सोडायचीही त्यानंच. साहेब माळ्यावर कधी चढत नसत. खालूनच चिंध्या बघायचे. निळी दिसली की धाकटा कामावर आहे. हजेरी तीच.

तुला आधी दोनदा उशीर झाला होता, दोन्ही वेळा झोपेपायी. तिसऱ्यांदा उशीर झाला तर घरी, असं साहेबांनी सर्वांदेखत बजावलं होतं. त्या दिवशी दोनला जंगलाचा पडदा वर चढवायचा होता आणि तुझा पत्ता नव्हता. साहेब खाली येऊन उभे राहिले. मी पडदा चढवला, दोर खुंटीला बांधला आणि तुझी निळी चिंधी त्यावर लावली. तू वाचावास म्हणून.

तीनला तालीम सुरू झाली. सव्वातीनला नळी खाली आली. शिंपीणमावशी नटीच्या झग्याला टाका घालायला खाली उभ्या होत्या. त्यांचा डावा खांदा मोडला.

दोर जुना होता. ओल धरून वेढे ढिले पडले असणार. असं कुणाच्याही हातून झालं असतं.

थोरला


९ ऑक्टोबर

धाकट्या,

गेल्या पत्राचा शेवट खोटा आहे. दोर नवा होता. आदल्याच आठवड्यात तू नि मी मिळून तो ओवला होता. तू ते वाचून वर बघितलं असशील आणि म्हणाला असशील, हा सुधारायचा नाही.

तुला उशीर का झाला, तेही मी लिहिलं नाही. झोपेच्या दोन खेपा मात्र आठवणीनं लिहिल्या. पोरीची दुपारची परीक्षा होती. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, बस बंद. सकाळी मीच तुला म्हणालो, "माझं निघणं होणार नाही, तू तिला सोडून ये." तू म्हणालास, "दादा, मला उशीर झाला तर?" मी म्हणालो, "मी आहे ना." तू तिला सायकलवर डबलसीट घेऊन गेलास, वेळेवर पोचवलंस, आणि येताना चाक बसलं.

बाईंच्या यादीत हा अर्थ तिसरा आहे. कुणाला पोचवून देणं. मी त्याचं वाक्य केलं, "माझ्या भावानं माझ्या मुलीला परीक्षेला पोचवलं." बाईंनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, "वाक्य बरोबर. पण काका, सगळ्या वाक्यांत हाच भाऊ का?" मी वही बंद केली आणि म्हणालो, एकुलता एक आहे म्हणून.

आता जे लिहायचं ते लिहिण्यासाठी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

नेम असा की तीन वेढे आणि वर आडवी गाठ. साहेब खाली उभे होते. घाईत मी दोनच वेढे दिले आणि आडवी गाठ राहिली. तू आलास की नीट बांधू, असं मनात म्हटलं. मग दुसरा पडदा आला, तिसरा आला, आणि मी ते विसरलो. इथवर कुणीही मला माफ करील.

अडीचला तू माळ्यावर आलास. घामानं निथळत होतास. आपली चिंधी बघून ओशाळं हसलास. मग त्या खुंटीकडं हात नेत म्हणालास, "दादा, गाठ एकदा बघू का? नाव माझं लागलंय."

मी म्हणालो, "माझ्या गाठीला हात लावतोस? तुला गाठ मारायला शिकवलं कुणी?"

तू हात मागं घेतलास.

पाऊण तासानं ती सुटली, धाकट्या. मी अडवलं तेव्हा तुझा हात खुंटीपासून वीतभर होता. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भावाला वाचवायला गेलो आणि दैव आडवं आलं. दैव कुठलं? थोरलेपणाची मिजास आडवी आली.

साहेब निळी चिंधी हातात घेऊन म्हणाले, "ही कुणाची?" तू म्हणालास, "माझी." आणि माझ्याकडं बघितलंस. पुढचं वाक्य माझं होतं. मी शेजारच्या खुंटीवरची गाठ तपासू लागलो. ती पक्की होती. मी ती तपासतच राहिलो.

खाली जिन्यात तू मला गाठलंस. "तू सांगतोस की मी सांगू?"

"दोघांचंही काम गेलं तर आई काय खाईल?" मी म्हणालो. आईला पुढं केलं. दुसऱ्या दिवशी तुला काढलं, आठवड्यात तू शहर सोडलंस. दोन महिन्यांनी मला मुख्य केलं. साहेब म्हणाले, "तुझ्यासारखा काळजी घेणारा माणूस हवा." मी आभार मानले.

आई जाईपर्यंत विचारत होती, धाकटा का येत नाही. मी सांगायचो, त्याचा स्वभावच तसा.

थोरला


१३ ऑक्टोबर

धाकट्या,

आज शिंपीणमावशींना भेटलो. भेटलो म्हणजे काय, रोजच दिसतात. पण अकरा वर्षांत त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मी गेलो नव्हतो. काही हवं असलं की दारातून ओरडायचो.

खांदा पुन्हा वर गेला नाही. मशीन दुसरीला दिलं, त्या आता फक्त हातशिलाई करतात. तोंडात टाचण्या होत्या. मी समोर उभा राहून म्हणालो, "मावशी, त्या दिवशीची गाठ माझी होती. धाकट्याची नव्हती."

त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. मग म्हणाल्या, "बस की. उभ्यानं कबुली द्यायला हे काय कोर्ट आहे?"

मी बसलो.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी मागच्या दाराशी इस्त्री करत होते. धाकटा अडीचला आत आला, घामाघूम. जंगलाचा पडदा दोनलाच वर गेला होता. मला म्हणाला, 'मावशी, दादानं सांभाळून घेतलं असेल ना?' आंधळी का होते मी?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, विचारलं नसतं तर बरं.

"वा रे वा. खांदा माझा मोडला, भाऊ तुझा गेला, आणि बोलायचं पण मीच? तीन महिने खाटेवर होते. उठून आले तर धाकटा गेलेला आणि तू मुख्य झालेला. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. वर्षभर रोज वाट बघितली. तुझे दोर डोक्यावर, आणि मी खाली टाके घालतेय. मग सोडून दिलं. माणूस किती दिवस मान वर करून बघणार?"

मी वाकायला गेलो.

"नको, नको," त्या म्हणाल्या. "तू पडलास तर मला एका हातानं उठवता यायचं नाही."

आणि हसल्या. धाकट्या, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी ताठ मानेनं बाहेर पडलो असतो. त्या हसल्या आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चोर पकडला गेला की त्याला निदान वाटतं, आजवर आपण लपलो होतो. माझं ते समाधानही गेलं. मी लपलोच नव्हतो. त्या रोज मला बघत होत्या.

निघताना म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

थोरला


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

काल साहेबांकडं गेलो. ते थकलेत, कानाला यंत्र आहे, म्हणून मला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. बाहेर बसलेल्या कारकुनानं टंकलेखन थांबवलं होतं.

साहेब म्हणाले, "अकरा वर्षांनी हे कशाला उकरतोस? मोटारी बसतायत. दोर जातील, चिंध्या जातील. हा विषयही जाऊ दे. त्या लोकांना लिही, माणूस चांगला आहे, चूक एकदाच झाली. त्याला काम मिळेल, तुझंही टिकेल."

खोटं कशाला लिहू? मला मोह झाला. खुर्चीवर बसल्या बसल्या मी ते वाक्य मनात लिहूनही पाहिलं. माणूस चांगला आहे, चूक एकदाच झाली. किती गुळगुळीत वाक्य! तुझं भलं करता करता पुन्हा तुझ्याच माथी. पहिल्यांदाही मी असंच केलं होतं, तुझं भलं करायला निघालो होतो.

मी म्हणालो, "साहेब, चूक त्याची नव्हतीच. एकदाही नव्हती."

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. मग म्हणाले, "मग हे मला एकट्याला सांगून भागायचं नाही. त्याला सगळ्यांसमोर काढला होता."

आज अकराला, तालमीआधी, त्यांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. वीसेक माणसं होती. सुतार, रंगारी, दिवेवाले, नट. इंग्रजीच्या बाई वर्गानंतर वह्या तपासत बसल्या होत्या, त्याही विंगेत येऊन थांबल्या. मी बरोबर नळ्यांखाली उभा राहिलो आणि सांगितलं. दोन वेढे, राहिलेली आडवी गाठ, तुझा पुढं आलेला हात, मी जे बोललो ते. शब्द न शब्द. माझा आवाज मध्येच बसला तेव्हा मावशी मागून म्हणाल्या, "मोठ्यानं. मागं ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं सांगितलं.

सुतार आपली फूटपट्टी उघडत होता आणि मिटत होता. एक नवा पोरगा, ज्याला मी परवाच गाठीवरून झापलं होतं, तो माझ्याकडं न बघता माळ्यावर चढला आणि मी सकाळी बांधलेले सगळे दोर एकेक करून तपासू लागला. मी त्याला अडवलं नाही. चार गाठी त्यानं सोडून पुन्हा बांधल्या.

मला माळ्यावरून उतरवलंय. उद्यापासून खालच्या दारावर तिकिटं फाडायची. इंग्रजीच्या वर्गाला यायची आता गरज नाही, असंही साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, काका, यायला मनाई तर नाही ना?

तुझा कागद मी साहेबांसमोर भरला. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं, "नाही. चिंधी त्याची होती, गाठ माझी होती. त्यानं तपासायला हात पुढं केला, मी तपासू दिलं नाही." दुसऱ्याखाली, "द्यावेत. तो तपासायला हात पुढं करील तेव्हा त्याला कुणी अडवू नये." साहेबांनी शिक्का मारला. तो आज टपालात गेला. काम मिळालं की नाही, ते मला कळवू नकोस. कळण्याचा हक्क मी कमावलेला नाही.

थोरला


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

हे शेवटचं.

मावशी म्हणाल्या होत्या, ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. घरी दोघी होत्या. काल जेवणं झाल्यावर दोघींना समोर बसवून सांगितलं. पोरीची आई उठून ओट्यापाशी गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

पोर सव्वीस वर्षांची झाली. आता पोरींना गणित शिकवते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे काका मला सोडायला आला होता, म्हणून?"

मी म्हणालो, "तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं."

"ते मला कळतंय. मी वेगळं विचारतेय. मला इतकी वर्षं वाटत होतं काका माझ्यावर रागावलाय. त्या दिवशी मी सायकलवर मागं बसून त्याला सारखी ओरडत होते, जोरात मार, जोरात मार, उशीर होतोय. नंतर तो आलाच नाही. मला वाटलं, त्याचाच राग आला. मी तुम्हाला विचारलंही होतं, बाबा. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, त्याचा स्वभावच तसा.

तुझ्यावर मी काय लादलं ते मला ठाऊक होतं. मावशींचा खांदा रोज डोळ्यांसमोर होता. पण माझ्याच घरात, माझ्याच ताटाशी, पंधरा वर्षांची पोर स्वतःला दोषी धरून वाढत गेली, हे मला काल कळलं. देवानं हे शेवटासाठी राखून ठेवलं होतं. त्याची तक्रार नाही.

तिनं तुझा पत्ता मागितला. मी दिला. ती या रविवारी दुपारच्या गाडीनं निघतेय, तुझ्याकडं तिन्हीसांजेला पोचेल. मी सोबत येऊ का, असं विचारलं. म्हणाली, "नको बाबा. तुम्ही आलात तर काका पुन्हा तुमचंच तोंड बघेल."

ती उंच झाली आहे, तिच्या आईच्या वळणावर गेली आहे, तुला एकदम ओळखू येणार नाही. रागावली की हसते, तो गुण तुझा. ती तुला सगळं विचारील. तू सवयीनं म्हणशील, जाऊ दे गं, तुझ्या बाबांनी मुद्दाम नाही केलं. तेवढं करू नकोस. एवढी एकच गोष्ट तुझ्याकडं मागतोय. माझ्यावर पांघरूण घालू नकोस. जसं घडलं तसं तिला सांग, जिन्यातलंही, तुझ्या-माझ्या आईचं नाव मी कसं घेतलं तेही. ते मी तिला सांगू शकलो नाही. काल तिथवर आलो आणि जीभ रेटेना. सगळं सांगितलं असं तिला वाटतंय, आणि मी वाटू दिलंय.

ते तू सांग.

थोरला